शहाद्याला आलेली पोरं
आमचं म्हसावद शहादा तालुक्यात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात. 1972 च्या सुमारास पुण्या-मुंबईची शिकलेली पोरं शहादा तालुक्यात राहायला आली. कुमार शिराळकर तर मुंबईच्या आयआयटीतले इंजिनिअर. सालदारांसाठी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुरांसाठी, 'श्रमिक संघटना' निघाली, मजुरी वाढवून मागितली गेली, बायांनी दारूची मडकी फोडली. पण त्याआधीच पाडळद्याचे अंबरसिंग महाराज भजनं गात भिल्लांच्या वस्त्यांवर फिरत होते. जमीन तिथेच नांगरली गेली होती. म्हणून 'शहरवाल्यांनी तुम्हा आदिवासींना जागं केलं' असं कुणी म्हणालं, की मी आदिवासी कवी वाहरू सोनवण्यांची 'स्टेज' ही कविता पुढे करतो. आदिवासींचं दुःख मंचावरून आदिवासींनाच ऐकवणाऱ्यांची तिच्यात चांगली झाडाझडती आहे. मदतीला जरूर यावं, पण बसायचं सतरंजीवर, आमच्या शेजारी.