घाटाच्या दोन्ही अंगांच्या शाळा

आंबेनळी घाट चढून गेले की महाबळेश्वर लागते आणि पुढे सातारा. घाट उतरून खाली आले की पोलादपूर आणि पुढे महाड. या घाटाच्या दोन्ही अंगांना, सव्वाशे वर्षांच्या आतबाहेर, आपल्या समाजाची दोन मुले शाळेत गेली. एक भीमराव रामजी. दुसरे रामचंद्र बाबाजी मोरे. पहिले नाव आपल्या घराघरात आहे. दुसरे मात्र आपल्याच तालुक्याचे असून मुलांना फारसे ठाऊक नाही. वर्धापनदिनाच्या या अंकात आम्ही या दोघांच्या शाळेविषयी लिहीत आहोत, कारण शाळेत पोरांना होणारा जाच अजून संपलेला नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पण त्या शाळेत त्यांना बसायला वेगळे गोणपाट होते. झाडलोट करणारा गडीही त्याला हात लावत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपाई असेल तर पाणी, नसेल तर तहान. पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात गुरुजींनी त्यांना फळ्याजवळ बोलावले, तेव्हा वर्गातली पोरे फळ्यामागे ठेवलेले आपले डबे उचलायला धावली. इथे गुरुजी बोलावत होते आणि दुखावणारी पोरे बरोबरीची होती. पोरांना हे जन्मतः येत नाही. घरी बघतात, तेच वर्गात करतात.

घाटाखालची गोष्ट १९१४ च्या सुमाराची. दासगाव-लाडवली परिसरातला मोरे नावाचा हुशार मुलगा स्कॉलरशिप मिळवून महाडच्या इंग्रजी शाळेत गेला. अस्पृश्य म्हणून त्याला प्रवेश नाकारला. वय अवघे अकराच्या आसपास. पण हा अन्याय मुकाट गिळला गेला नाही. तक्रार छापून आली, गाजावाजा झाला आणि शाळेला दार उघडावे लागले. दार उघडले तरी जागा मात्र इतर मुलांपासून वेगळीच मिळाली. हाच मुलगा पुढे आर. बी. मोरे म्हणून ओळखला गेला. १९ व २० मार्च १९२७ ची महाडची परिषद भरवण्यात ज्यांनी जिवाचे रान केले, त्यांत तो पुढे होता.

त्या परिषदेच्या मागेही एक कागद होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने यांच्याबरोबर शाळाही त्यात होत्या. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी तळ्याचे पाणी कुणाला घेता येईना. माणसे स्वतःच्या पायांनी तळ्यावर गेली तेव्हा तो कागद जिवंत झाला.

आम्हाला सांगायचे ते एवढेच. आज कायद्याची वाण नाही. १९९९ चा महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा आहे. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, असे त्यात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला मारणे आणि मानसिक छळ करणे, दोन्हींना बंदी केली. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक असतात. शाळेत तक्रारपेटी असते. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत फोन आहे. पण पालक शाळेच्या पायरीवर गेले नाहीत तर हे सगळे कपाटातच राहते.

पोरगा रोज पोटात दुखते म्हणतो, वही फाटून येते, डबा तसाच परत येतो. आडनावावरून, रंगावरून, "सवलतीवाला" म्हणून कुणी चिडवते. घरात आपण म्हणतो, "दुर्लक्ष कर रे." नाहीतर म्हणतो, "तूही एक ठेवून दे." दोन्हींनी पोर एकटेच पडते. आधी त्याचे पूर्ण ऐकावे. कोण, कधी, कुठे, काय बोलले, ते तारखेसह लिहून काढावे. मग वर्गशिक्षकांना भेटावे आणि मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. नाहीच ऐकले तर समिती आणि शिक्षणाधिकारी आहेत. जातीवरून अपमान असेल तर कायदाही आहे. शेजारच्या दोघांनी सोबत जावे.

नॉर्वे देशात १९८३ च्या सुमारास डॅन ओल्वेउस या अभ्यासकाने बर्गन शहरातल्या शाळांत हेच करून पाहिले. वर्गात सर्वांनी मिळून नियम ठरवले, सुट्टीत मोठ्यांनी मैदानावर लक्ष ठेवले, छळणारा व छळला जाणारा या दोघांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलणी झाली. तिथला जाच जवळपास निम्म्यावर आला. मोठी माणसे मध्ये पडली की फरक पडतो.

शेवटचे जरा कडू आहे, पण बोललेच पाहिजे. आपल्या डोंगरात कातकरवाड्या आहेत, धनगरवाडे आहेत. तिथले पोर वर्गात येते तेव्हा त्याच्या बोलीला कोण हसते? त्याच्याजवळ बसायला कोण नाही म्हणते? त्यात आपले पोर असेल तर गोणपाटाची गोष्ट त्याला सांगून उपयोग काय झाला? आपल्या पोराला कुणी छळू नये, आणि आपल्या पोराने कुणाला छळू नये. ही दोन्ही कामे एकाच घरात, एकाच संध्याकाळी सुरू करता येतात. पुढच्या रविवारी विहारात मुले जमतील तेव्हा त्यांना मोरे यांच्या शाळेची गोष्ट सांगा. मग विचारा, "तुमच्या वर्गात वेगळे कोण बसते?" उत्तर येईपर्यंत थांबा.

जयभीम.