बागेचे दार



चैत्र लागला म्हणजे आपल्याकडे घरोघर गौर बसते. आरास मांडतात, आंब्याची डाळ आणि पन्हे करतात, आणि आळीतल्या बायकामुलींना हळदीकुंकवाचे बोलावणे जाते. घर खाजगी खरे, पण त्या दिवशी त्याचे दार चारचौघांना उघडे असते. मग बागेचे दार तसे का उघडू नये? वसंतात खाजगी बागा लोकांना खुल्या करण्याची रीत कशी पडली, आणि आपल्या पुणे जिल्ह्यात बागांच्या दारांचा इतिहास काय आहे, ते आज पाहू.

बाग म्हटली की पहिला प्रश्न मालकीचा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात याविषयी मोठा शहाणपणाचा विचार आहे. आरमाराला लाकूड लागते, पण आंबे-फणसांची झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. ती बळाने तोडू नयेत. एखादे झाड जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन मग न्यावे, असा त्याचा आशय. म्हणजे राज्याची गरज असली तरी धन्याची राजीखुशी आधी. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढची सारी कथा या राजीखुशीचीच आहे.

पेशवाईत पुण्याभोवती पुष्कळ बागा झाल्या. नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी तळे झाले, जवळच हिराबाग झाली. तळ्यातल्या बेटावर सारसबाग. तेथे सवाई माधवरावांनी 1784 साली गणपतीची स्थापना केली. 1803 मध्ये लॉर्ड व्हॅलेन्शिया हा इंग्रज प्रवासी पुण्यास आला, तेव्हा दुसऱ्या बाजीरावांनी त्याची सरबराई हिराबागेतच केली. त्या काळी बागेचे पाहुणे हे असे.

पुढे 1818 साली राज्य गेले. 1875 च्या उन्हाळ्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि पुढे हिराबागेतही अशी व्याख्याने होऊ लागली. जेथे पेशव्यांची मेजवानी झडे, तेथे सामान्य पुणेकर विचार ऐकायला बसू लागला! पर्वतीचे तळे आता राहिले नाही. सारसबाग मात्र सर्वांची झाली आहे. संध्याकाळी तेथे पोरे बागडतात, आणि कोणी कोणाला तू कोण म्हणून विचारीत नाही.

दुसरी कथा दापोडीची. तेथला कॅप्टन फोर्डचा बंगला आणि आवार 1828 साली गव्हर्नर माल्कम यांनी सरकारासाठी घेतले, आणि तेथे वनस्पतींची बाग उभी राहिली. 1838 पासून तिचा कारभार डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे आला. तिची जोडबाग कोठे होती ठाऊक आहे? आपल्या जुन्नर तालुक्यात, हिवऱ्याला! या बागांतून औषधी वनस्पती काढून सरकारी दवाखान्यांकडे जात. गिब्सन 1847 मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. दापोडीच्या झाडाफुलांची चित्रे त्यांनी एका देशी चित्रकाराकडून काढवून घेतली. ती आज एडिंबरोच्या बागेत जतन केलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. दापोडीची बाग पुढे मोडली, आणि 1873 मध्ये गणेशखिंडीत नवी उभी राहिली. पाहा, कागदावरची फुले टिकली आणि मातीतली गेली. बागेची आच लोकांना नसली, तर मालक बदलताच बागही जाते.

आता थोडे परदेशी जाऊ. इंग्लंडात खेड्यापाड्यांतून घरोघर जाऊन रोग्यांची सेवा करणाऱ्या परिचारिकांसाठी पैसा हवा होता. एल्सी वॅग नावाच्या बाईंनी सुचवले, की ज्यांच्या सुंदर बागा आहेत त्यांनी त्या ठरल्या दिवशी लोकांना दाखवाव्यात, आणि माणशी एक शिलिंग घ्यावा. 1927 साली 609 बागा उघडल्या, आणि आठ हजारांवर पौंड जमले! आज त्या योजनेत तीन हजारांहून अधिक बागा आहेत. मालकी कोणाचीच गेली नाही. धनी राजी, पाहुणा खूश, आणि आजाऱ्याला आधार.

आपल्याकडे दिल्लीला व्हाइसरॉयच्या प्रासादामागे मोठी बाग होती. स्वराज्य आल्यावर राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या काळापासून ती वसंतात जनतेला खुली होऊ लागली. 2023 पासून तिचे नाव अमृत उद्यान आहे. कोठल्याही खेड्यातला माणूस तेथे रांगेत उभा राहून गुलाब पाहू शकतो.

मग आपल्या मुलखाचे काय? ओझरला विघ्नहराचे देऊळ. माघात गणेशजयंतीला यात्रा लोटते. त्याच सुमारास नारायणगाव-जुन्नरकडे द्राक्षांचे मळे भरात असतात. 2018 साली जुन्नर हा विशेष पर्यटन तालुका ठरला, आणि 2020 मध्ये राज्याने कृषी पर्यटनाचे धोरण आणले. काही बागाईतदार आपले मळे पाहुण्यांना दाखवू लागले आहेत. पण इतरांची भीतीही खोटी नाही. द्राक्षाच्या मण्यावर पांढरट लव असते. बोट लागले की ती पुसते, आणि मालाचा भाव उतरतो. औषध फवारलेला घड कोणी न धुता तोंडात टाकला, तर दोष मालकावर. वर्षाचे कर्ज त्या घडांवर उभे असते, मग तो फाटक लावून बसला तर त्याला अनुदार कसे म्हणावे?

तेव्हा इतिहासाने शिकवलेली वाट धरावी. दिवस ठरवावा, फी ठरवावी, एक ओळ पाहुण्यांसाठी राखावी, आणि माहितगार माणूस सोबत द्यावा. फीतला वाटा गावच्या शाळेला किंवा दवाखान्याला गेला, तर सारे गावच त्या बागेचे राखणदार होईल. आणि गुरुजींनो, सहलीआधी मुलांना एवढेच शिकवा, की बाग डोळ्यांनी पाहायची असते, हातांनी नाही. आज्ञापत्रातले तत्त्व त्यांना तेथेच कळेल: झाड ज्याने वाढवले, त्याची राजीखुशी आधी.