पुडीतली चिठ्ठी

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, पण राजे आणि लढायांचा. हल्ली मात्र शोधांचा इतिहास वाचायला गोडी लागली आहे. त्यातली ही एक हकिगत.

१९८३ साली कॅनडात मॉन्ट्रियलला रोझ जॉन्स्टन मेंढीच्या, तर अमेरिकेत सेंट लुइसला फिलिप स्टाल उंदराच्या कोवळ्या तांबड्या रक्तपेशी तपासत होते. पेशी पक्व होताना नको असलेली प्रथिनं इवल्याशा पुड्यांत बांधून बाहेर टाकते, असं दोघांनाही दिसलं. १९८७ मध्ये जॉन्स्टनबाईंनी पुड्यांना 'एक्झोसोम' हे नाव दिलं. पण पुढे बरीच वर्षं बहुतेकांच्या लेखी हा पेशीचा केरच होता.

दुसरा धागा १९९३ चा. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत मायक्रोआरएनए उमगला. जेमतेम २२ अक्षरांची चिठ्ठी, 'हे प्रथिन बनवू नकोस' असं पेशीला बजावणारी. त्याचं नोबेल मिळायला २०२४ उजाडलं.

२००७ साली स्वीडनमध्ये हादी वलादी, यान लोटवाल आणि सहकाऱ्यांनी पुड्या उघडल्या, तर आत याच चिठ्ठ्या! एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जाणाऱ्या. पुडी सापडल्यापासून आतलं वाचेपर्यंत २४ वर्षं गेली.

कॅन्सरची पेशीही अशा चिठ्ठ्या धाडते. स्तनाच्या कॅन्सरमधली एक चिठ्ठी रक्तवाहिनीच्या भिंतीची वीण उसवते आणि रोगाला पसरायला वाट करून देते, असं २०१४ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. माझी धाकटी बहीण याच रोगाने १९९६ साली गेली. 'गाठ तर काढली, मग हाडांत कसा गेला?' हा तिचा प्रश्न होता. तेव्हा पुड्या माहीत होत्या, आतलं कोणी वाचलं नव्हतं.

आता रक्तातल्या या चिठ्ठ्या वाचून रोग लवकर ओळखावा, पुड्यांतूनच औषध पोचवावं, असे प्रयत्न चालू आहेत. पण कॅन्सरवर मान्यता मिळालेलं एक्झोसोमचं औषध आजही नाही. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१९ मध्येच बाजारातल्या मान्यता नसलेल्या एक्झोसोम उपचारांबद्दल लोकांना सावध केलं होतं. तेव्हा घरच्यांनो, अशी जाहिरात कोणी पाठवली तर पैसे भरण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आशा जरूर ठेवावी, पण ती विकत घेऊ नये.