लाँग केस आणि घंटा

मंडळी, आपली इंजिनीअरिंगची व्हायवा आठवते ना? एक्स्टर्नल खुशीत असला तर पास, वैतागलेला असला तर गेलात बाराच्या भावात! आमच्या उचगावच्या लोकांचा मोठा दवाखाना म्हणजे कोल्हापूरचं सीपीआर, पूर्वीचं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. मेडिकलची पोरं तिथेच शिकतात. त्यांच्या प्रॅक्टिकलला तर एक्स्टर्नलबरोबर पेशंटही चांगला मिळावा लागतो.

नुसतं पुस्तक पाठ असून भागत नाही, म्हणून केंब्रिजमध्ये जॉर्ज पॅजेट यांनी १८४२ साली रुग्णाच्या खाटेशी परीक्षा सुरू केली. तीन वर्षांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं, तेही जे. जे. हॉस्पिटलला जोडूनच. भाऊ दाजी लाड तिथल्या पहिल्या तुकडीतले.

या खाटेजवळच्या परीक्षेतूनच 'लाँग केस' रुळली. एक पेशंट घ्या, सगळी विचारपूस करा, तपासा आणि परीक्षकांसमोर मांडा. पण एकाला मिळते घडाघडा बोलणारी आजी, दुसऱ्याला तोंडच न उघडणारे आजोबा. आणि मार्क मात्र एकाच मापाने!

यावर स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये तोडगा मांडला, तो म्हणजे 'ऑस्की'. ओळीने टेबलं, प्रत्येकावर एक ठरावीक काम, काही मिनिटांनी घंटा, की पुढे सरका. सगळ्यांना तेच प्रश्न, तीच चेकलिस्ट. आपल्या भाषेत टेस्ट केसेसच की! आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसला नवा क्षमताधारित अभ्यासक्रम आला, त्यात लॉगबुक आलं आणि ऑस्कीवरही भर आला.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रश्न मिटला. पण सगळ्या टेस्ट पास होऊनही सॉफ्टवेअर कसं झोपतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. छातीत दुखतंय, साखर वाढलीय, औषधाला पैसे नाहीत, असा माणूस येतो तो अख्खा येतो, पाच-पाच मिनिटांचे तुकडे होऊन नाही.

गंमत म्हणजे, पुढे संशोधकांनी ताळा केला तेव्हा दिसलं की दोष लाँग केसचा फारसा नव्हता. दोष होता एकाच केसवर निकाल लावण्याचा. केसेस वाढवा, परीक्षक वाढवा, की तीही बरीच भरवशाची होते. ऑस्कीची निम्मी ताकद तरी अनेक टेबलांतच आहे.

म्हणून मला वाटतं, घंटा राहू दे, पण खाटेशी निवांत बसून ऐकणंही मार्कांत धरा. उद्या आपल्या आईला तपासणारा डॉक्टर याच परीक्षेतून येणार आहे.