काच, छत आणि सूर्य

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले आणि अमेरिकेत घरबांधणीला जोर आला. कॅलिफोर्नियातील काही वास्तुशिल्पींनी घर आणि अंगण यांमधली भिंत काढून तिथे सरकत्या काचा बसवल्या. याचे गाजलेले उदाहरण म्हणजे पाम स्प्रिंग्ज या वाळवंटी गावातील कॉफमन यांचे घर. १९४६ सालच्या या घराचा आराखडा रिचर्ड नॉयट्रा यांचा.

पण काचेतून ऊन आत शिरते. मग असे घर तापणार नाही का?

उत्तर सूर्याच्या उंचीत आहे. हे गाव सुमारे ३४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे २१ जूनला मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ७९.५ अंशांवर असतो, तर २२ डिसेंबरला केवळ ३२.५ अंशांवर. म्हणून दक्षिणेकडे छत १ मीटर पुढे काढले, तर भिंतीवर त्याची सावली जूनमध्ये ५ मीटरहून खाली पोचते. डिसेंबरमध्ये जेमतेम ६४ सेंटिमीटर. उन्हाळ्यात सावली, हिवाळ्यात ऊब!

सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन मात्र छताला अडवता येत नाही. त्यासाठी नॉयट्रांनी गच्चीवरच्या उघड्या बैठकीला ॲल्युमिनियमच्या उभ्या, फिरत्या पट्ट्या लावल्या. ऊन आणि वाळवंटी वारा त्यांनी अडवता येई.

पुढे ही शैली जगभर गेली. पुष्कळदा काचा तेवढ्या उचलल्या गेल्या, सूर्याचा हिशेब मागेच राहिला. मग घर थंड ठेवायला यंत्र आले.

विद्यार्थ्यांना मैदानात १ मीटरची काठी रोवून दर महिन्याला मध्यान्हीची सावली मोजायला सांगा. आपल्या गावी छत किती पुढे हवे, ते तीच सांगेल.