ला इसाबेला : स्थळनिवड आणि वसाहतीचा ऱ्हास

डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या अटलांटिक किनाऱ्यावर, पुएर्तो प्लाता प्रांतातील लुपेरोन नगरपालिकेच्या क्षेत्रात ला इसाबेला हा दुय्यम नगरविभाग आहे. बाहाबोनिको नदीच्या मुखाजवळ वसलेल्या या परिसराला अमेरिका खंडाच्या इतिहासात विशेष महत्त्व आहे. दुसऱ्या सफरीत १७ जहाजांसह आलेल्या कोलंबसाने जानेवारी १४९४ मध्ये येथे अमेरिकेतील पहिले नियोजित युरोपीय नगर स्थापन केले.

सिबाओच्या सुवर्णक्षेत्राचे सान्निध्य हे या स्थळाचे प्रमुख आकर्षण होते. तथापि येथील बंदर उत्तरेकडील वाऱ्यांना खुले होते. रोगराई व उपासमार यांनी वसाहत खिळखिळी झाली. १४९५ मध्ये मूळच्या ताईनो लोकांवर सोन्याची खंडणी लादण्यात आली. त्यामुळे ताईनो समाजजीवन कोलमडले आणि वसाहतीचा अन्नाचा आधारही तुटला. पुढे कोलंबसाचा भाऊ बार्तोलोमे याने दक्षिण किनाऱ्यावर सान्तो दोमिंगो वसविले. १४९८ पर्यंत ला इसाबेला ओस पडले.

कॅथलीन डीगन व होसे मारिया क्रुशेन्त यांच्या उत्खननात येथे शिशाचे खनिज व धातुमळी सापडली. हा स्थानिक चांदीच्या शोधाचा पुरावा मानला जात होता. मात्र २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या समस्थानिक विश्लेषणानुसार ते खनिज स्पेनमधून आणलेले होते. हताश वसाहतकऱ्यांनी सोबत आणलेल्या खनिजातूनच चांदी काढण्याचा प्रयत्न केला असावा. तात्पर्य, ज्या संपत्तीच्या आशेने हे स्थळ निवडले गेले, तिचाच अभाव वसाहतीच्या ऱ्हासास कारणीभूत ठरला. त्याची सर्वाधिक किंमत मात्र ताईनोंनी मोजली.