मानमोडी : एक नाव, दोन रोग

१९१८ सालच्या इन्फ्ल्युएन्झाच्या साथीला मराठी मुलखात 'मानमोडी' म्हणत असत. कोंबड्या पाळणाऱ्या घरांत मात्र हे नाव एका वेगळ्याच रोगाचे आहे. कोंबडी पिसे फुलवून कोपऱ्यात बसते, चोच उघडी ठेवून श्वास घेते, हिरवट पातळ शिटते. मग पाय किंवा पंख लुळा पडतो आणि मान पिळवटते. काही दिवसांत खुराडे रिकामे होते. पशुवैद्यक याला राणीखेत रोग म्हणतात.

१९२६ साली जावा बेटावर आणि इंग्लंडमध्ये न्यूकॅसल शहराजवळ कोंबड्या अशा पटापट मरू लागल्या. पुढच्याच वर्षी कुमाऊंच्या डोंगरातील राणीखेत येथेही तेच घडले. त्या काळी अशी मर दिसली की 'कोंबड्यांचा प्लेग' आठवे. इटलीत पेरोन्चितो यांनी १८७८ मध्ये त्याचे वर्णन केले होते आणि तो विषाणूमुळे होतो हे १९०१ पासून माहीत होते. (माणसांच्या प्लेगशी त्याचा काडीचाही संबंध नाही. नावांनी या विषयात फार घोटाळे केले आहेत.) नव्या रोगाची लक्षणे तशीच होती आणि त्याचे कारणही जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून पार होत होते. विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्याची तेव्हा सोय नव्हती. मग हा रोग जुना की नवा, हे ठरवायचे कसे?

इंग्लंडमधील डॉइल यांनी हा प्रश्न कोंबडीच्या शरीरालाच विचारला. रोगातून वाचलेल्या पक्ष्याला तोच रोग सहसा लगेच पुन्हा होत नाही. पण नव्या रोगातून वाचलेल्या कोंबड्यांना प्लेगच्या विषाणूपासून मुळीच संरक्षण मिळालेले नव्हते. म्हणजे विषाणू दोन होते. डॉइल यांनी १९२७ मध्ये हे प्रसिद्ध केले आणि तात्पुरती सोय म्हणून रोगाला गावाचे नाव दिले. ते कायमचेच झाले. वर्गात सांगण्याजोगा इतका स्वच्छ तर्क आम्हाला क्वचितच आढळला आहे.

आपल्याकडील साथीची नोंद एडवर्ड्स यांनी १९२८ मध्ये केली. ते काम मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेतले. ही संस्था १८८९ साली पुण्यात सुरू झाली आणि १८९३ मध्ये तिकडे हलली. तिथेच हॅडो आणि इदनानी यांनी कोंबडीच्या अंड्यातील गर्भात वाढवून सौम्य केलेल्या विषाणूची लस तयार केली. १९४६ मध्ये त्यांचा निबंध आला. ही 'आरटूबी' लस लहान पिलांना सोसत नाही. म्हणून पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकतात आणि सहा ते आठ आठवड्यांनी आरटूबी टोचतात.

रोग झाल्यावर मात्र उपाय नाही. रक्ती हगवणीवर पाण्यातून औषध देता येते, देवीच्या खपल्या पुसून जंतुनाशक लावता येते. मानमोडीवर प्रतिजैविके वाया जातात. शिवाय लसीची एक कुपी शंभर किंवा अधिक कोंबड्यांची असते, ती थंड ठेवावी लागते आणि कालवल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. दारात दहा कोंबड्या असलेल्या बाईने ती एकटीने कशी आणावी? वीस-पंचवीस घरांनी एकच दिवस ठरवला, तरच ते जमते. गावात हे जमवून आणायला शिक्षकाइतका योग्य माणूस आम्हाला दिसत नाही.

कोंबड्यांच्या प्लेगची उरलेली कथा १९५५ मध्ये पुढे सरकली. त्याचा विषाणू इन्फ्ल्युएन्झाच्याच कुळातला असल्याचे शेफर यांनी दाखवले. त्यालाच आज आपण बर्ड फ्लू म्हणतो. १९१८ च्या मानमोडीशी नाते आहे ते याचे. कोंबड्यांच्या मानमोडीचे नव्हे.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा ही राणीखेतच असावी असे अनेक पोल्ट्रीवाल्यांना वाटले. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले ते एच५एन१ बर्ड फ्लूचे, भारतातले पहिले. लाखो पक्षी मारावे लागले. डोळ्यांनी फरक कळत नाही, म्हणून एकदम मर लागली तर आजारी कोंबड्या घाईने बाजारात नेऊ नयेत, कापूही नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. दोन्ही विषाणू तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या करतात. प्रयोगशाळेत कोणत्या रोगाचे रक्तद्रव त्या गुठळ्या थांबवते ते पाहतात. आता जनुकीय चाचण्याही आहेत, पण या जुन्या चाचणीमागचा तर्क डॉइल यांचाच आहे.